उलटा फर्मा

गिटार वाजवता येत नाही, मग गिटारीत भोकं कशी पाडता, असं कोणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "दाराला कुलपाची खाच पाडणाऱ्या सुताराला जाऊन विचार, बाबा, तू चोर आहेस का?" कारखान्यात नवा आलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारायचा आणि हे उत्तर घेऊन गुमान आपल्या टेबलाकडं जायचा.

तिला सगळे खड्डेवाली म्हणायचे. विजेवर चालणारी गिटार भरीव लाकडाची असते, तिला पोट नसतं. नुसती तार छेडली तर शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतका तिचा आवाज. म्हणून तारांच्या खाली पिकअप बसवतात. पिकअप म्हणजे काय, तर चुंबकाच्या सहा खुंट्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली. वरची तार थरथरली की खालच्या वेढ्यांत वीज थरथरते आणि स्पीकर बोलायला लागतो. त्या पिकअपला बसायला लाकडात खड्डा लागतो. तो खड्डा अकरा वर्षं ती पाडत होती.

हात बापाचा होता. बाप गावात दारं-खिडक्या करायचा. थोरल्या भावाला पटाशी धरता येईना, ती हिच्या हातात आपोआप बसली. सोयरिकीला आलेल्या माणसांनी विचारलं, मुलीला काय काय येतं? आई तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "तुमच्या दाराची कडी नीट बसत नसेल तर बसवून देते." सोयरीक मोडायचीच, पण नवरा मुलगा हसला. तो टेम्पो चालवायचा आणि त्याच्या टेम्पोचं मागचं दार खरंच नीट बसत नव्हतं.

कारखान्यात ती आली झाडू मारायला. एक दिवस थोरल्या मालकांनी पाहिलं, की ही भुसा गोळा करता करता थांबते, कापलेल्या खड्ड्याच्या कडेवरून अंगठा फिरवते आणि तोंड वाकडं करते. त्यांनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला राउटरवर उभं केलं. राउटर म्हणजे गरगर फिरणारं पातं. लाकडावर फर्मा ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेनं पातं फिरवायचं, की फर्म्यातल्या आकाराचा खड्डा लाकडात उतरतो.

थोरले मालक आता हयात नाहीत. त्यांनी मागं दोन गोष्टी ठेवल्या. एक म्हणजे धाकटे मालक. दुसरी म्हणजे कानवाल्या काकांच्या खोलीच्या दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली ओळ: 'वाजवल्याशिवाय रद्द नाही.' कानवाले काका म्हणजे शेवटची तपासणी. तयार झालेली प्रत्येक गिटार ते वाजवणार आणि मग 'पास' किंवा 'रद्द' शिक्का मारणार. दिसायला कितीही बावळट असो, न ऐकता कुठलीही गिटार मोडीत काढायची नाही, हा थोरल्यांचा कायदा.

काकांच्या खोलीत एक फळी होती. तिच्यावर सहा तारा ताणलेल्या आणि तारांखाली रुळावर सरकणारा एकच पिकअप. जेवणाच्या सुट्टीत खड्डेवाली तिथं जाऊन बसायची. डबा मांडीवर, एक हात पिकअपवर. काका तार छेडायचे, ही पिकअप बोटभर बोटभर सरकवायची. तारा ज्या टेकूवर टेकतात त्या घोडीला पिकअप अगदी चिकटवला, की आवाज बारीक आणि टोकदार.

"ही आमची नणंद," ती म्हणायची, "नळावर भांडताना."

मध्ये आणला, की थोडा पोकळ, गोड. "ही नणंद फोनवर. कोणाचं तरी काम अडलंय."

आणि गिटारीच्या मानेजवळ नेला, की भरदार, गोल, जाड. "ही नणंद जेवून उठल्यावर."

तार तीच, पिकअप तोच, हात काकांचाच. फक्त जागा बदलली. हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि ते ती ज्याला त्याला ऐकवायची. मुद्दाम ऐकवायची ती नणंदेला, कारण नणंद त्याच कारखान्यात पिकअपची तार गुंडाळायची.

"जागा, जागा काय लावलंयस वहिनी," नणंद म्हणायची. "माझी तार नसेल तर तुझ्या खड्ड्यात काय बसवणार? चहाची बशी?"

"आणि माझा खड्डा नसेल तर तुमची तार कुठं ठेवणार वन्सं? केसात माळणार?"

नणंदेचंही खोटं नव्हतं. वेढे वाढवले की आवाज मोठा आणि जाड होतो, पण वरची चमक जाते. कमी केले की आवाज लहान, पण स्वच्छ. एकेरी पिकअप लखलखीत बोलतो, पण मागं माशी घोंगावल्यासारखी भुणभुण करतो. दोन पिकअप उलटसुलट जोडून जोडपिकअप केला की भुणभुण जाते आणि आवाजाला अंग येतं, पण लखलखाटही जातो. घोडीजवळ तार कमी हलते, म्हणून तिथल्या पिकअपला नणंद जास्तीचे वेढे घालायची. हे सगळं तिच्या बोटांत होतं. दोघींचं भांडण अकरा वर्षं चाललं होतं आणि दोघींनाही ते संपवायची घाई नव्हती.

आता फर्म्याचं सांगायला पाहिजे. त्यांच्या गिटारीत मानेजवळचा खड्डा सरळ असायचा आणि घोडीजवळचा तिरपा. बारीक तारांकडचं टोक घोडीच्या जवळ, जाड तारांकडचं लांब. फर्मा प्लायवूडचा होता आणि दोन खुंट्यांवर बसायचा. सुलट ठेवा, उलटा ठेवा, बसायचाच. डावखुऱ्या माणसांची गिटार आरशात पाहिल्यासारखी असते, म्हणून तिच्यासाठी तोच फर्मा पालथा घालायचा. सुलट कुठली आणि पालथी कुठली हे कसं ओळखायचं? तर एका बाजूला चहाच्या पेल्याचा गोल डाग होता. डाग वर, तर उजवी. डाग खाली, तर डावी. थोरल्या मालकांनीच कधीतरी पेला ठेवला असेल. अकरा वर्षांत त्या डागानं एकदाही दगा दिला नव्हता.

धाकट्या मालकांना तो डाग आवडेना. "लोक कारखाना बघायला येतात," ते म्हणाले, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकचा नवा फर्मा आला. बशीसारखा चकचकीत, दोन्हीकडून सारखाच.

त्या मंगळवारी सकाळी सहा डावखुऱ्या गिटारींचं काम आलं. तिनं फर्मा पालथा घातला, सहा खड्डे पाडले. मग उजव्यांचा ढीग आला. नजर सवयीनं डाग शोधायला गेली, डाग नव्हता, आणि हात पुढं गेला. संध्याकाळपर्यंत अडतीस उजव्या झाल्या.

पहिल्यांदा पाहिलं ते नणंदेनं. दुसऱ्या दिवशी ती पिकअपचा ट्रे घेऊन आली आणि ढिगापुढं थबकली.

"वहिनी, हे भोक तिरळं झालंय गं."

खड्डेवालीनं पाहिलं. बारीक तारांकडचं टोक घोडीपासून लांब, जाड तारांकडचं जवळ. सगळ्या अडतिसांचं. तिनं राउटरचा खटका बंद केला. "फर्मा पालथा राहिला," एवढंच म्हणाली. एकही टोमणा न मारता नणंदेनं ट्रे खाली ठेवला, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

धाकटे मालक आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी केबिनमधून टाइप केलेला कागद आणला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे अडतीस नग खराब झाले. ते मोडीत काढण्यास माझी हरकत नाही.' खाली सहीची जागा.

"सही करा. सोमवारपासून घासकामाला जा. राउटरवर दुसरं कोणी बघू."

घासकाम म्हणजे मागची पत्र्याची खोली. तिथं दिवसभर लाकडाला पॉलिश पेपर घासायचा. काम वाईट नव्हतं, पण अकरा वर्षं राउटर चालवलेल्या हातानं तिथं जायचं म्हणजे गाडी चालवणाऱ्याला धक्का मारायला लावण्यासारखं होतं.

तिनं कागद दोनदा वाचला. "फर्मा उलटा लावला, हे लिहून देते," ती म्हणाली. "चूक माझी. खराब झाले, हे नाही लिहून देणार."

"मावशी, कॅटलॉगमध्ये तिरकं इकडं आहे. यांचं तिकडं आहे. याला खराबच म्हणतात."

"कॅटलॉग वाजतो का?"

मागून कोणीतरी हसलं. मालकांचे कान लाल झाले.

"दारावर तुमच्याच वडिलांनी काय लिहिलंय ते वाचा. वाजवल्याशिवाय रद्द नाही. यांना अजून तारासुद्धा लागल्या नाहीत."

मालकांना माघारही घेता येईना आणि दारावरची ओळही पुसता येईना. "ठीक," ते म्हणाले. "एक जोडा. उद्या माझ्यासमोर वाजवा. मग तर सही कराल?"

एक जोडली. रंग नाही, नुसतं उघडं लाकूड. दुसऱ्या दिवशी दुपारी कानवाल्या काकांनी ती मांडीवर घेतली, घोडीजवळचा पिकअप चालू केला आणि छेडली.

आवाज बसका आला. जाड तारा ठीक होत्या, पण बारीक तारा नाकातून बोलत होत्या. काकांनी आणखी दोनदा छेडली आणि डोळे मिटूनच म्हणाले, "कांबळं पांघरून गातीय."

मालकांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन.

खड्डेवालीनं पेन उचललं, टोपण लावलं आणि मालकांच्या खिशाला परत अडकवलं. "एक झाली. सदतीस राहिल्या."

"सगळ्या अशाच वाजणार!"

"मग सदतीस वेळा ऐका."

"शनिवारी सकाळी करवतीवर चढवणार," मालक म्हणाले. "तोवर काय ऐकायचं ते ऐका."

ती घरी गेली. नवऱ्यानं तिचं तोंड पाहिलं आणि शहाण्यासारखा स्वतःच भात टाकायला उठला. ती कपडे वाळत घालायला मागं गेली. दोरी दोन खिळ्यांमध्ये ताणलेली. तिनं ओला सदरा झटकून टाकला, तशी दोरी मधोमध हातभर हेलकावली आणि खिळ्याजवळ जेमतेम शहारली. हे तिला नवं नव्हतं. तार घोडीजवळ कमी हलते आणि पुढं गेलं की जास्त, हे ती जगाला सांगत आली होती. पण दुसरा सदरा हातातच राहिला.

कमी हलते, म्हणून तर वन्सं तिथं जास्तीचे वेढे घालतात. ते वेढे घोडीला चिकटून बसणाऱ्या पिकअपसाठी. आता बारीक तारांकडचं टोक पुढं सरकलंय, तिथं तार आधीच अंग भरून हलतेय. तिच्या डोक्यावर वन्संचे जादा वेढे म्हणजे कांबळं नाही तर काय! खड्डा वाकडा नाही. खड्डा नवा आहे आणि पिकअप जुना.

"निघाले," ती आत ओरडली.

"कुठं?"

"वन्संकडं."

"भांडायला?"

"पाय धरायला."

नवऱ्याच्या हातातली पळी खाली पडली.

नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे खड्डा तुझा वाकडा आणि वेढे मी कमी करायचे?"

"तसंच."

"अकरा वर्षं म्हणत होतीस, जागा म्हणजे सगळं. आता कुठं गेली तुझी जागा?"

"जागा आहे तिथंच आहे. तिला शोभेल अशी तार पाहिजे. तुमच्याशिवाय कोणाला गुंडाळता येणार नाही."

हे वाक्य ऐकायला नणंदेनं अकरा वर्षं घालवली होती. तरी ती लगेच विरघळली नाही. "जोडपिकअप बसव की. भुणभुण पण जाईल."

"जोड म्हणजे कांबळ्यावर दुसरं कांबळं. आणि खड्डा एकेरीचा आहे, मोठा केला तर मालकाच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. एकेरीच पाहिजे. वेढे कमी."

"किती कमी?"

"ते तुम्ही सांगा. मी खड्डेवाली."

नणंद बराच वेळ बोटं एकमेकांवर चोळत बसली, अदृश्य तार चिमटीत धरल्यासारखी. "आठ हजार घालते मी तिथं. साडेसहा करते. पण आवाज लहान होईल, मग माझ्या नावानं बोंबलू नकोस."

"स्क्रू पिळून वर उचलू. तारांच्या जवळ नेऊ."

"फार जवळ नेलंस तर चुंबक तारेला ओढतं. सूर डुगडुगतो."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे! आत्ता पाय धरायला आली होतीस ना? मग ऐकून घे."

शुक्रवारी नणंदेनं सकाळचा चहा सोडला आणि मशीनवर बसली. आकड्यांचं चाक टकटक फिरत साडेसहा हजारांवर थांबलं. दुपारी त्याच गिटारीतला जुना पिकअप काढून नवा बसवला. काकांनी छेडली. आवाज लहान होता, पण बारीक तारांवरचं कांबळं गेलं होतं. खड्डेवालीनं स्क्रू पिळला, पिकअप वर आला. अजून पिळला. जाड तार छेडली तसा सूर दारुड्यासारखा झोकांड्या खायला लागला.

"सांगितलं होतं," नणंद दारातून म्हणाली.

अर्धा फेरा मागं. काकांनी पुन्हा छेडली.

जाड तारा आवळल्यासारख्या घट्ट झाल्या होत्या, एकेक सूर वेगळा पडत होता, चिखल नाही. आणि बारीक तारा, ज्या नेहमी घोडीजवळ दातात वाळू आल्यासारख्या करकरायच्या, त्या लखलखीत राहूनही कानाला टोचत नव्हत्या. काकांनी एक सूर लांबवला. मग दुसरा. मग त्यांनी खड्डेवालीकडं न पाहता विचारलं, "ही तुझी नणंद कुठं आहे म्हणायची? नळावर का जेवून उठल्यावर?"

"भांडण जिंकल्यावर," खड्डेवाली म्हणाली.

"मग बरोबर आहे," नणंद म्हणाली.

शनिवारी सकाळी मालक आले, तेव्हा करवतीपाशी कोणी नव्हतं. सगळे काकांच्या खोलीपुढं. आत अकरा गिटारी तयार उभ्या होत्या. शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत आणि शनिवारी उजाडल्यापासून नणंदेच्या मशीननं तेवढेच पिकअप दिले होते. काका एकेक घेत होते, वाजवत होते, शिक्का मारत होते. नऊ पास. दोन रद्द, कारण एकीची मान पिळवटलेली आणि एकीच्या लाकडात गाठ. त्या दोन खड्डेवालीनं स्वतः उचलल्या आणि सगळ्यांसमोर करवतीवर घातल्या. "ही खराब," ती म्हणाली. "खराब अशी दिसते. बघून ठेवा."

मालकांनी दारात उभं राहून तीन गिटारी ऐकल्या. चौथीला आत आले. पाचवीला म्हणाले, "जुनी द्या जरा." काकांनी एक जुनी, सुलट खड्ड्याची वाजवली, मग परत नवी. मालक गाढव नव्हते. वडिलांचा कान त्यांच्याकडं आला होता, फक्त त्यांनी तो कधी वापरात आणला नव्हता.

"उरलेल्या जोडा," ते म्हणाले. मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "पण ही चूकच होती, मावशी. चांगली निघाली म्हणून चूक नव्हती असं होत नाही."

"नाहीच," ती म्हणाली. "आणा तो कागद."

कागद आला. तिनं टाइप केलेल्या दोन्ही ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं: 'फर्मा उलटा लावला. चूक माझी. गिटारी खराब नाहीत.' सही केली.

"घासकामाला एक महिना जाते. उलट्या फर्म्याबद्दल. एकतिसाव्या दिवशी राउटरवर उभी राहणार. तेव्हा तिथं दुसरं कोणी असेल तर त्यानं बाजूला व्हायचं."

"हे तुम्ही ठरवणार?"

"मीच ठरवलं आत्ता. तुम्ही ऐकलं, यांनीपण ऐकलं."

मालकांनी कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. फाडला नाही. तेवढं उत्तर तिला पुरलं.

मग ती नणंदेच्या टेबलाकडं गेली. तारांची टोकं जोडायची सोल्डरिंगची गन तिथं तापलेली होती. राउटरवरून आणलेला चकचकीत नवा फर्मा तिनं मागोमाग आलेल्या मालकांच्या समोर टेबलावर ठेवला. चहाचा रिकामा पेला फर्म्यावर पालथा घातला आणि त्याच्या कडेकडेनं गन फिरवली. प्लॅस्टिक जळल्याची घाण सुटली. मालकांनी रुमाल नाकाला लावला, पण थांबवलं नाही. गोल उमटला, काळा, जाड, वाकडातिकडा.

"ही उजवी," ती म्हणाली.

तिनं फर्मा पालथा केला, पेला ठेवला आणि शेजारी शेजारी दोन गोल जाळले.

"ही डावखुऱ्यांची. आणि तिरळ्या उजव्यांची. म्हणजे आता मागितली तर कोणालाही पाडता येईल, चूक न करता."

फर्मा तिनं राउटरच्या टेबलावर खुंट्यांना लावून ठेवला, पदराला हात पुसले आणि पॉलिश पेपरची चळत काखेत मारून मागच्या पत्र्याच्या खोलीकडं चालू लागली. जाता जाता नणंदेला म्हणाली, "वन्सं, एक महिना आहे. तोवर जागेला नावं ठेवून घ्या."